अठरा खोल्यांची एक किल्ली

दुबईत काय करता, असं गावाकडे कुणी विचारलं की मी 'हॉटेल सप्लाय' म्हणायचे, आणि समोरच्याला वाटायचं की मी हॉटेलांना कांदे-बटाटे पुरवते. सुरुवातीला मी समजावून सांगायचे, मग कंटाळले. माझ्या सासूबाईंनी तर शेवटपर्यंत शेजारणींना 'आमची शुभा तिकडे हॉटेलात असते' असंच सांगितलं. त्या शेजारणी माझ्याकडे ज्या नजरेने बघायच्या, तिचा खुलासा करण्यात माझी अख्खी सुट्टी जायची.

तर आधी तेवढं सांगून टाकते. हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर तुम्हाला जे जे दिसतं आणि जे खाता येत नाही, ते सगळं आम्ही विकायचो. पलंग, गादी, चादर, टॉवेल, पडदा, पडद्याची दांडी, पंखा, किटली, आरसा, साबणाची वाटी, दाराचं कुलूप. 'बर दुबई' नावाच्या जुन्या भागात, कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं शोरूम होतं. मालकांना अख्खी गल्ली, मलबारी चहावाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत, भाऊ म्हणायची. माल चीन-तैवानहून जबल अली बंदरावरच्या गोदामात उतरायचा आणि तिथून आफ्रिकेत जायचा. आम्ही मधल्यामध्ये. दुबईचा निम्मा धंदा मधल्यामध्येच चालतो.

नव्वदच्या दशकात आमची गिऱ्हाइकं दोन प्रकारची होती. एक आफ्रिकेतले छोटे हॉटेलवाले, जे स्वतः येऊन माल पसंत करायचे. दुसरे इथलेच काँट्रॅक्टर. ते आपल्या मजुरांसाठी उम्म अल कुवैन, शारजा अशा ठिकाणी कॅम्प बांधायचे. एकेका खोलीत सहा-आठ माणसं, लोखंडी दुमजली पलंग, पातळ गाद्या, दाराला कुलूप. पलंग सोडले तर दोघांचा बराचसा माल एकाच कारखान्यातून यायचा. हे आम्ही अर्थात कुणाला सांगायचो नाही.

आता कुलपांचं थोडं समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ त्यावर आहे. दाराची कुलपं मागवताना ती दोन प्रकारांनी मागवता येतात. एकात प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी. दुसऱ्यात सगळ्या कुलपांना एकच किल्ली चालते. पहिला प्रकार हॉटेलांना लागतो. दुसरा लागायचा मीटरच्या पेट्यांना, गोदामातल्या कपाटांना आणि कॅम्पच्या खोल्यांना. मुकादमाला कुठल्याही खोलीत केव्हाही शिरता आलं पाहिजे, किल्ल्यांचे जुडगे कोण सांभाळत बसणार, असं काँट्रॅक्टर म्हणायचे. दिसायला दोन्ही कुलपं सारखी, खोकीही सारखी. फरक फक्त ऑर्डरच्या कागदावरच्या एका ओळीचा.

ती ऑर्डर मी टाइप करायचे. कामात मी चोख होते, हे स्वतःच सांगते कारण आता सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही. नवी ऑर्डर कोऱ्या कागदावरून कधी सुरू करायची नाही, ही माझी पद्धत. आधीची एखादी बिनतक्रार गेलेली ऑर्डर कॉम्प्युटरवर उघडायची, गिऱ्हाइकाचं नाव बदलायचं, नग बदलायचे, रंग बदलायचे, प्रिंट काढायची. चुका कमी होतात, वेळ वाचतो. भाऊ नव्या माणसांना सांगायचे, "शुभाताईंची फाइल बघा आणि शिका." मला त्याचा चांगलाच गर्व होता.

मादाम ओदिल आमच्याकडे आल्या त्या पोर्तो नोव्होहून. पश्चिम आफ्रिकेत बेनिन नावाचा देश आहे, त्याची ही राजधानी, पण सगळी धावपळ शेजारच्या कोतोनू शहरात चालते आणि पोर्तो नोव्हो खाडीकाठी स्वस्थ पडून असतं. तिथे या बाईंचं अठरा खोल्यांचं साधं, स्वस्त हॉटेल होतं. ते त्यांनी नवऱ्याच्या माघारी दुरुस्त करायला काढलं होतं. बाई थोराड, डोक्याला कडक इस्त्रीचं फडकं, आणि पर्समध्ये गाठी मारलेली एक सुतळी. त्या गाठी म्हणजे त्यांच्या खिडक्या, दारं आणि पलंग. आमचा सेल्समन टेप घेऊन धावला तर त्यांनी त्याला हातानेच बाजूला केलं. प्रत्येक गादीवर बसल्या, एकीवर चक्क आडव्या झाल्या आणि पाच मिनिटं डोळे मिटून पडल्या. शोरूममध्ये इतर गिऱ्हाइकं उभी. भाऊ माझ्याकडे बघतायत, मी छताकडे.

कुलपांपाशी त्या सगळ्यात जास्त वेळ थांबल्या. किल्ली फिरवायच्या आणि कान लावून ऐकायच्या.

"मादाम शुभा," नायजेरियाच्या बाजारात शिकलेल्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, "माझ्याकडे एकट्या बायका उतरतात. परीक्षेचे पेपर तपासायला आलेल्या शिक्षिका, सुईणी, कापड विकणाऱ्या. मोठ्या हॉटेलात पलंग माझ्यापेक्षा चांगला मिळतो. माझ्याकडे त्या कुलपासाठी येतात."

"बेस्ट क्वालिटी आहे," मी म्हटलं. हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा म्हणायचे.

माल गेला, पोचला, तक्रार आली नाही. आठ महिन्यांनी मादामचा फॅक्स आला. वरती आणखी एक मजला बांधतेय, आणखी माल हवा, बहिणीच्या हॉटेलसाठीही हवा. पण एक अट आहे. आमच्याकडे चटई विणणारा पहिली रात्र स्वतः तिच्यावर झोपतो. मादाम शुभांनी माझ्या हॉटेलात येऊन आठवडाभर राहावं, मग ऑर्डर देईन.

भाऊंनी फॅक्स दोनदा वाचला. "ताई, बाई सनकी आहे, पण दोन हॉटेलं आहेत. जाऊन या. आठवडाभर आराम समजा."

आराम! पिवळ्या तापाची सुई टोचून घेतल्यावर माझा दंड तीन दिवस सुजला. व्हिसासाठी ज्या माणसाला फोन करायचा तो रोज 'इन्शाल्ला बुकरा' म्हणायचा, म्हणजे उद्या, आणि त्याचा उद्या पंधरा दिवसांनी उगवला. नवऱ्याने विचारलं, भाऊंना दुसरं कुणी मिळालं नाही का? आठवीतली मुलगी म्हणाली, "आई, आर दे पेइंग यू एक्स्ट्रा फॉर धिस?" देणार नव्हते. अदिस अबाबात विमान बदलून, तिथे सात तास बाकावर बसून, मी कोतोनूला उतरले आणि तिथून एका टॅक्सीत बाकीच्या पाच जणांबरोबर आणि एका बोकडाबरोबर पोर्तो नोव्होला पोचले.

गाव मात्र शांत. लाल मातीचे रस्ते, जुनी पोर्तुगीज धाटणीची रंग उडालेली घरं, झाडाखाली पत्ते खेळणारे म्हातारे. हवेत 'हरमतान'ची धूळ होती. वाळवंटातून येणारा कोरडा वारा, आमच्या दुबईच्या शमाल वाऱ्यासारखाच. इतकं लांब येऊन पुन्हा धूळच, म्हणून मी आल्या आल्या वैतागले.

काउंटरवर मस्यो बासील होते. साठीचे, पांढऱ्या केसांचे, अतिशय सभ्य गृहस्थ, आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर होतं, 'सा व आले', म्हणजे होईल सगळं ठीक. पाणी येत नाही? सा व आले. वीज गेली? सा व आले. दुबईत इन्शाल्ला आणि इथे हे. त्यांनी मला चौदा नंबरची किल्ली दिली आणि म्हणाले, मादामने तुमच्यासाठी मुद्दाम ही खोली ठेवलीय, तिथलं सगळं तुमचंच आहे.

सगळं माझंच होतं, तोच तर ताप. मी बावीस वर्षं माल विकला, पण विकलेल्या मालात राहायची वेळ त्याआधी कधी आली नव्हती. देव कुणावर आणू नये. इलॅस्टिकची चादर एका कोपऱ्यात बसवली की समोरच्या कोपऱ्यातून निसटायची, आणि मध्यरात्री मी त्या चादरीत गुंडाळलेली असायचे. टॉवेलने अंग पुसलं की अंगभर पांढरी लव. पडद्याची दांडी चार इंच आखूड, का तर मादामच्या सुतळीची गाठ बघून मीच म्हटलं होतं, 'स्टँडर्ड साइज पाठवू, ॲडजस्ट होतं.' ॲडजस्ट कुणी व्हायचं? रोज सकाळी त्या चार इंचांतून ऊन बरोबर माझ्या डोळ्यांवर. पंखा आणि किटलीच्या वायरींना दुबईचे तीन पिनांचे प्लग, भिंतीत फ्रेंच पद्धतीची दोन गोल भोकं. बासीलनी प्लग कापून उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी भोकात खोचल्या होत्या. मी पंखा लावायच्या आधी देवाचं नाव घ्यायचे. मच्छरदाणी तेवढी मादामची होती, म्हणून ती नीट होती.

सकाळी अंगणात कॉफी आणि पाव घेऊन बसलं की मादाम वही उघडायच्या.

"झोप लागली?"

"लागली," मी म्हणायचे, डोळे चोळत.

"खोटं. चादर?"

मग मी एकेक सांगायचे आणि त्या लिहून घ्यायच्या, न रागावता. मला वाटायला लागलं होतं की ही बाई फारच हुशार आहे आणि भाऊंना हे परवडणार नाही. तरी दुपारच्या जेवणाला नाव ठेवायला जागा नव्हती. खाडीतला मासा, झणझणीत टोमॅटोचा रस्सा, आणि पानात गुंडाळलेला आंबवलेल्या मक्याच्या उकडीचा आंबूस गोळा. मी मालवणची, पण तो मासा खाऊन मी बोटं चाटत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी असंच जेवून बाजारातून फिरून आले. वीज गेलेली, जिन्यात अंधार, डोळ्यांत धूळ. तशीच जिना चढले, ओळखीच्या दारात किल्ली घातली, फिरवली, दार उघडून आत गेले.

आत एक बाई अंगाभोवती नुसतं कापड गुंडाळून पलंगावर बसली होती, मांडीवर परीक्षेचे पेपर, हातात लाल पेन्सिल. ती ओरडली नाही. पेपर छातीशी धरून भिंतीला टेकली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी एक मजला कमी चढले होते. ती आठ नंबरची खोली होती.

"दार... उघडं होतं," मी म्हटलं. हातातली किल्ली पदराआड गेली होती.

"मी कुलूप लावलं होतं," ती हळू म्हणाली. तिला शाळेतलं इंग्रजी येत होतं. आगाथ तिचं नाव, उत्तरेकडच्या कुठल्या तरी गावातली शिक्षिका, पेपर तपासायला महिनाभर आली होती.

"उघडं होतं," मी पुन्हा म्हटलं, माफी मागितली आणि वर पळाले.

चौदाचं दार त्याच किल्लीने उघडलं. मग मी शेजारच्या दारांकडे वळले. वरच्या मजल्यावर रिकाम्या खोल्या होत्या. तेरा, पंधरा, सोळा. किल्ली घातली, फिरवली. तिन्ही दारं अशी उघडली, जशी काही माझी वाट बघत होती. खाली रिकाम्या चार नंबरला घातली, तेही उघडलं.

पलंगावर बसले आणि मला ती ऑर्डर डोळ्यांपुढे दिसली. कुठली जुनी फाइल उघडली होती ते आठवलं. नाईकसाहेबांचा उम्म अल कुवैनचा कॅम्प. हे नाईकसाहेब आमचे जुने काँट्रॅक्टर गिऱ्हाईक. मी त्यांचं नाव खोडून मादामचं घातलं होतं, पलंग बदलले होते, पडद्यांचा रंग बदलला होता, कुलपांचे नग अठरा केले होते. खालची ओळ तशीच राहिली होती, 'सर्व कुलपांस एकच किल्ली'. भाऊंनी सही केली, कारण माझ्या फाइलवर ते न वाचता सही करायचे.

आधी खात्री करावी म्हणून मी काउंटरवर गेले आणि बासीलना आडून विचारलं, कधी किल्ल्यांची अदलाबदल होते का?

"मादाम, तुमचं कुलूप फार सोयीचं आहे," ते मनापासून म्हणाले. "पाहुणे किल्ली खिशात घालून निघून जातात. मग मी दुसऱ्या खोलीची देतो. चालते. देवानेच तुम्हाला ही कल्पना दिली."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"आणि मादामना?"

"त्यांना कशाला त्रास? त्या काळजी करतात."

"किती किल्ल्या गेल्या अशा?"

त्यांनी बोटं मोजली. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताचीही दोन झाली. म्हणजे या गावात आणि आसपास सात माणसं अशी हिंडत होती, ज्यांच्या खिशात या हॉटेलची अठराच्या अठरा दारं होती. "सा व आले," बासील म्हणाले. मला त्या सज्जन माणसाचा गळा धरावासा वाटला, पण धरायचाच तर आधी माझा होता.

टेलिफोनच्या बूथवर जाऊन मी भाऊंना फोन लावला. सगळं सांगितलं. भाऊंनी विचारलं, "आठ महिन्यांत चोरी झाली?"

"नाही."

"कुणी तक्रार केली?"

"नाही, पण भाऊ, बायका राहतात इथे..."

"ताई, ऐका. आत्ता बोललात तर ऑर्डर खलास, बहिणीची पण खलास, आणि अख्ख्या आफ्रिकेत नाव जाईल ते वेगळं. नव्या मजल्याला वेगळ्या किल्लीचा माल देऊ. जुनी कुलपं मी हळूच 'फ्री अपग्रेड' म्हणून बदलून देतो, चार-सहा महिन्यांत. बाई खूश, आपण खूश. यल्ला, चला, ऑर्डर घ्या आणि या."

तिकडे एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं होतं. आणि खरं सांगू? मला ते पटलंही. माझी चूक झाकली जाणार होती. चार-सहा महिने काय, आठ तर गेलेच होते. मी दोन दिवस गप्प बसले. दिवसा मादामना कॅटलॉगमधला माल दाखवला, गप्पा मारल्या, आणि झोपताना टेबल ओढून दाराला लावलं. स्वतःसाठी टेबल लावायची अक्कल मला बरोबर होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी अंगणात सगळे जेवायला बसलो होतो. दोन सुईणी, एक कापडवाली, आगाथ, मादाम आणि मी. आगाथने जेवता जेवता मादामना सांगितलं की ती दोन दिवस झोपलेली नाही. दाराला खुर्ची लावून जागी बसते. तिने कुलूप लावलं होतं, आणि तरी दार उघडलं.

मादाम एकदम चिडल्या. "तू लावलं नव्हतंस. माझ्या कुलपाला बोल लावू नकोस, ते मी दुबईहून आणलंय. ही बाई समोर बसलीय, ती म्हणते दार उघडं होतं. ती कशाला खोटं बोलेल? दिवसभर पेपर तपासून डोकं शिणलंय तुझं."

कापडवाली हसली. आगाथने मान खाली घातली आणि पुटपुटली, "असेल. विसरले असेन."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी आयुष्यात बऱ्याचदा ऐकलं होतं, पण चोराच्या जागी बसून बघण्याची ती पहिलीच वेळ. त्या बाईचं लग्न झालं नव्हतं, गाव लांब, महिनाभर परक्या शहरात एकटी, आणि माझ्यामुळे ती आता स्वतःच्या हातावरही विश्वास ठेवत नव्हती.

"ती विसरली नाही," मी म्हटलं. "तिने लावलं होतं. मी उघडलं." आणि चौदाची किल्ली ताटाशेजारी ठेवली.

मादामनी हात धुतले, किल्ली उचलली आणि उठल्या. आम्ही सगळ्या मागून. एकेक दार त्यांनी आपल्या हाताने उघडलं, नुसती फट करून पुन्हा लावलं आणि पुढच्या दाराशी गेल्या. अठरा दारं. एका खोलीतला पाहुणा 'कोण आहे' म्हणून ओरडला तेव्हा त्यांनी दाराबाहेरूनच त्याची माफी मागितली. खाली येऊन खुर्चीत बसल्या तेव्हा त्या एकदम थकलेल्या दिसल्या. आधी आगाथचा हात धरून तिला काहीतरी त्यांच्या भाषेत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्यांनी विचारलं, "असलं कुलूप मुळात बनवतात कुणासाठी?"

"मजुरांच्या खोल्यांसाठी. आमच्याकडे कॅम्प असतात."

"ते मजूर चोर आहेत?"

"नाही."

"कैदी?"

"नाही हो. कामाला आलेली माणसं. आमच्याच देशातली पुष्कळ."

"मग?"

मी 'पद्धत आहे' असं काहीतरी म्हटलं. मादामनी मान हलवली आणि बासीलना हाक मारली. त्यांना जे ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही. फ्रेंच येत नसूनही मला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला. प्रत्येक दाराला आतून लाकडी अडसर आणि बाहेरून कडी-कोयंडा. बाजारातून अठरा कुलपं आणली, गावठी, गंजकी, पण प्रत्येकाची किल्ली वेगळी. मी दिवसभर स्क्रूची पुडी धरून सुतारामागून हिंडले. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी नको पण म्हटलं नाही. आगाथ जाता-येता माझ्याकडे बघून किंचित हसली. मला ते हसणंही सोसवलं नाही.

मी ऑर्डरशिवाय परत आले. भाऊ दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलले, पण अठरा नवी कुलपं त्यांनी विमानाने पाठवली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. आणि तीन महिन्यांनी मादाम ओदिल स्वतः शोरूममध्ये हजर. मजल्याचा माल हवा होता, बहिणीचाही. कुलपं म्हणाल्या तेव्हा भाऊ घाईघाईने म्हणाले, "सेपरेट की, मादाम, हंड्रेड पर्सेंट." मादामनी ऐकून घेतलं आणि दोन्ही हॉटेलांची मिळून अठरा खोकी फोडायला लावली. अठरा किल्ल्या, अठरा कुलपं. प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपात. तीनशे चोवीस वेळा. सकाळी दहाला बसल्या, मध्ये एकदा चहा घेतला. भाऊ आतबाहेर करत होते, सेल्समन कपाळाला हात लावून बसले होते, गिऱ्हाइकं बघून परत जात होती. मी समोर बसून कागदावर खुणा करत होते. चारच्या सुमाराला शेवटची किल्ली न फिरता बाहेर आली आणि मादाम म्हणाल्या, "आता लिही."

इथे ही गोष्ट संपवली तर मी फार चांगली दिसेन, म्हणून पुढचंही सांगते.

त्याच वर्षी नाईकसाहेबांची नवी ऑर्डर आली, उम्म अल कुवैनलाच, साठ खोल्यांची. मी त्यांना फोन केला. म्हटलं, या वेळी वेगळ्या किल्लीची कुलपं घ्या ना, कारखाना त्याच भावात देतोय.

"कशाला ताई?" ते म्हणाले. "कॅम्प आहे, हॉटेल नाही. मुकादम साठ किल्ल्या घेऊन फिरणार का? जुनं आहे तेच पाठवा."

"पण साहेब, माणसांच्या वस्तू..."

"आहे काय त्यांच्याकडे? दोन शर्ट आणि ट्रान्झिस्टर. तुम्ही आफ्रिकेहून आल्यापासून फार विचार करायला लागलात हं," ते हसत म्हणाले. चांगला माणूस होता, गणपतीला अख्ख्या कॅम्पला मोदक पाठवायचा.

मी ती ओळ टाइप केली. मादामला सांगायला दोन दिवस तरी लागले होते, इथे पाच मिनिटंही लागली नाहीत.

माल पोचवायच्या दिवशी मी मुद्दाम ट्रकबरोबर गेले. कुलपं बसवत होता तो सुतार राजापूरचा, पन्नाशीचा, त्याच कॅम्पात राहणारा. मराठी ऐकून खूश झाला, सावलीत खुर्ची आणून दिली. मी त्याला विचारलं, या कुलपांना एकच किल्ली आहे, ठाऊक आहे का?

"पहिल्याच दारात कळलं, मॅडम. जुन्या कॅम्पातपण हीच होती." त्याने शर्टाचं वरचं बटण काढून गळ्यातला काळा दोरा दाखवला. त्याला छोटी किल्ली होती. "दार कंपनीचं. पेटी आपली. हे कुलूप मी मीना बाजारातून घेतलं, आपल्या पैशानं. तुमच्याकडे पेटीची चांगली कुलपं मिळतात का हो? इथं सगळ्यांनाच लागतात."

मिळत होती. मी पुढच्या खेपेला दोन डझन पाठवली, भाऊंना न विचारता. तो माझा सगळा पराक्रम. ती ओळ मात्र मी पुढे निवृत्त होईपर्यंत, दर कॅम्पच्या ऑर्डरीत, टाइप करत राहिले. प्रत्येक वेळी बोट जरा थांबायचं, मग पुढे जायचं.

माझ्या जागी आलेली मुलगी दुबईतच वाढलेली, मराठी घरातली, चटपटीत. शेवटच्या दिवशी मी तिला माझी फाइल दिली. कुलपांच्या ओळीवर पेन्सिलने खूण केली आणि म्हटलं, "बाकी सगळं कॉपी कर, चालेल. ही ओळ मात्र दर वेळी विचारून मगच टाइप करायची."

"ओके आंटी. हूम शुड आय आस्क? भाऊ ऑर द काँट्रॅक्टर?"

"जो त्या खोलीत झोपणार आहे त्याला," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं, आंटी जोक करतायत.